विजेविना मत्स्यालय

विजेविना मत्स्यालय म्हणजे हवापंप, विद्युत गाळणी, तापक आणि कृत्रिम प्रकाश यांपैकी कोणत्याही साधनाचा नियमित आधार न घेता गोड्या पाण्यातील मासे व पाणवनस्पती सांभाळण्याची पद्धत होय. काचेची टाकी, मातीचा रांजण, दगडी डोणी, सिमेंटचा हौद किंवा प्लॅस्टिकचा पिंप यांपैकी कोणत्याही भांड्यात असे मत्स्यालय करता येते. प्राणवायूचा पुरवठा पाण्याच्या पृष्ठभागातून व वनस्पतींकडून होतो, आणि माशांच्या विष्ठेचे विघटन वाळूतील व भांड्याच्या भिंतींवरील जिवाणू करतात. म्हणून अशा मत्स्यालयाची क्षमता पाण्याच्या आकारमानापेक्षा त्याचा उघडा पृष्ठभाग, तापमान आणि माशांची संख्या यांवर ठरते.

महाराष्ट्रात ही पद्धत दोन वेगळ्या रूपांत आढळते. एक रूप हौशी मत्स्यपालनाचे आहे. दुसरे सार्वजनिक आरोग्याचे असून त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे हौद, टाक्या व विहिरी यांत सोडले जातात आणि त्यांची पैदास साध्या सिमेंटच्या टाक्यांत केली जाते. बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात ही दोन्ही रूपे एकाच हौदात एकत्र येऊ शकतात. तेथील पाणी, ऊन व वीजपुरवठा यांच्या संदर्भात हा विषय पुढे मांडला आहे.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

बीड जिल्हा मराठवाड्यात, पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. उत्तर सीमेवर गोदावरी, मध्यभागी बालाघाटच्या रांगा आणि सिंदफणा, बिंदुसरा व मांजरा या प्रमुख नद्या असूनही १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांत जिल्ह्याने तीव्र टंचाई अनुभवली. बीड शहराजवळची निजामशाही काळातील खजाना विहीर आणि जलाशयात उभे असलेले कंकालेश्वर मंदिर ही येथील जुन्या जलव्यवस्थेची परिचित उदाहरणे होत.

विजेच्या बाबतीत जिल्ह्याची स्थिती काहीशी विचित्र आहे. परळी वैजनाथ येथे औष्णिक विद्युत केंद्र आहे. तरीही भारनियमनाच्या वर्षांत जिल्ह्यातील गावे तासन्‌तास अंधारात राहत. खुद्द हे केंद्रही पाण्यावर अवलंबून असल्याने फेब्रुवारी २०१३ मध्ये टंचाईमुळे त्याचे संच बंद ठेवावे लागले. पाणी आणि वीज यांची तूट येथे अनेकदा एकाच वेळी येते, आणि विद्युत गाळणीवर विसंबलेल्या मत्स्यालयाला नेमकी हीच वेळ घातक असते. गावठाणातील पुरवठा पुढील काळात सुधारला. शेतवस्तीवरील घरांचा प्रश्न मात्र निराळा आहे. शेतीपंपांच्या वाहिनीवर दिवसा ८ तास किंवा रात्री १० तास अशा आळीपाळीने वीज देण्याची पद्धत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालू राहिली. अशा वाहिनीजवळच्या वस्तीवर पंप चोवीस तास चालेल असे गृहीत धरता येत नाही.

काही तास बंद पडलेली विद्युत गाळणी ही मुळात गाळणी नसण्यापेक्षा वाईट ठरू शकते. गाळणीतील स्पंजावर वाढलेल्या जिवाणूंना सतत प्राणवायू लागतो. प्रवाह थांबताच बंदिस्त गाळणीतील प्राणवायू संपतो, जिवाणू मरू लागतात, आणि वीज परत आल्यावर तेच दूषित पाणी टाकीत फेकले जाते. शिवाय पंपाच्या भरवशावर टाकीत जास्त मासे ठेवलेले असतात. त्यामुळे अनियमित विजेच्या ठिकाणी टाकीची रचना प्रथमपासूनच विजेविना करणे अधिक सुरक्षित असते.

इतिहास

काचेच्या भांड्यात मासे व वनस्पती एकत्र ठेवण्याचा आधुनिक छंद विजेच्या वापरापूर्वीचा आहे. लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. सुमारे १२ गॅलन पाण्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती त्यांनी एकत्र ठेवली होती. कुजणाऱ्या पानांमुळे पाणी गढूळ होऊ लागल्यावर त्यांनी त्यात गोगलगायी सोडल्या आणि पाणी पुन्हा निवळले. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह सुरू झाले, तर १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला.

वॉरिंग्टन यांच्या प्रयोगातून ‘संतुलित मत्स्यालय’ ही कल्पना पुढे आली. वनस्पती प्राणवायू देतात, मासे कार्बन डायऑक्साइड देतात आणि दोघांचा हिशेब जुळला की टाकी आपोआप चालते, असे या कल्पनेचे सोपे रूप लोकप्रिय झाले. अमेरिकी मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स अ‍ॅट्झ यांनी १९४९ मध्ये या समजुतीला मिथक म्हटले. टाकीतील बहुतांश वायूंची देवाणघेवाण पाण्याच्या पृष्ठभागावर हवेशी होते, वनस्पतींशी नव्हे, असे त्यांचे प्रतिपादन होते. वनस्पतींचे महत्त्व त्यामुळे कमी झाले नाही, पण त्यांचे काम वेगळे असल्याचे स्पष्ट झाले. पाण्यातील अमोनिया शोषून घेणे हे ते मुख्य काम. डायना वॉलस्टॅड यांच्या १९९९ मधील पुस्तकाने वाळूखाली मातीचा थर असलेल्या, वनस्पतिप्रधान टाकीची पद्धत जगभरच्या हौशी मंडळींत पोहोचवली.

भारतात मासे पोसण्याचे उल्लेख बरेच जुने आहेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात माशांचे प्रकार व त्यांना घालावयाचा चारा यांचे वर्णन येते; अर्थात तेथे हेतू राजाच्या गळाच्या शिकारीचा आहे. विहिरीचे पाणी स्वच्छ राहावे म्हणून तीत मासे किंवा कासव सोडण्याची रीत महाराष्ट्रातील खेड्यांत परिचित आहे. काचेच्या टाक्यांतील मासे मराठी जनतेला मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळाले ते १९५१ मध्ये मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात.

प्राणवायू आणि पृष्ठभाग

पाणी तापते तशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते. समुद्रसपाटीवर २० अंश सेल्सियस तापमानाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रतिलिटर प्राणवायू विरघळतो. ३० अंशांवर हे प्रमाण ७.६ आणि ३५ अंशांवर सुमारे ७ मिलिग्रॅम होते. बीड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हे आकडे आणखी ६ टक्क्यांच्या आसपास कमी धरावे लागतात. याउलट माशाची प्राणवायूची गरज तापमानाबरोबर वाढते. दर १० अंशांमागे ती ढोबळमानाने दुप्पट होते. उन्हाळ्यात पुरवठा आटतो आणि मागणी फुगते, हेच विजेविना मत्स्यालयातील बहुतेक अपघातांचे मूळ आहे.

जुन्या हौशी मत्स्यपालकांचा ठोकताळा असा की, उष्ण प्रदेशातील लहान माशाच्या दर एक इंच लांबीमागे १२ चौरस इंच (सुमारे ७७ चौ.सेंमी.) पृष्ठभाग असावा. ६० सेंमी. लांब, ३० सेंमी. रुंद व ३० सेंमी. उंच टाकीत सुमारे ५४ लिटर पाणी मावते. तिचा पृष्ठभाग १,८०० चौ.सेंमी. असल्याने या हिशेबाने तीत एकूण २३ इंच लांबीचे, म्हणजे दीड इंची १५ मासे बसतात. मराठवाड्याचा उन्हाळा लक्षात घेता हा आकडा निम्म्यावर आणणे शहाणपणाचे आहे. त्याच ५४ लिटर पाण्यासाठी उंच व अरुंद टाकी घेतली तर पृष्ठभाग घटतो आणि मासे आणखी कमी ठेवावे लागतात. निमुळत्या तोंडाच्या काचेच्या गोल भांड्याला हेच कारण लागू पडते. ते काठोकाठ भरले की पाणी जास्त आणि हवेशी संपर्क कमी, अशी उलटी स्थिती होते. रांजण किंवा गोल भांडे वापरायचेच असेल तर ते जिथे सर्वांत रुंद आहे त्या पातळीपर्यंतच भरावे.

वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री माशांप्रमाणेच तो वापरतात. म्हणून दाट वनस्पती असलेल्या टाकीत प्राणवायूची पातळी पहाटे सर्वांत खाली असते. सूर्योदयापूर्वी मासे पाण्याच्या वरच्या थरात तोंड उघडून ‘हवा पिताना’ दिसणे ही धोक्याची पहिली खूण असून, ती दुपारी टाकी पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. अशा वेळी तांब्याने टाकीतले पाणी उचलून फूटभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहणे, हा सर्वांत जलद उपाय आहे. त्यानंतर एक तृतीयांश पाणी बदलावे, त्या दिवशी चारा घालू नये आणि पुढे मासे कमी करावेत. टाकीच्या वर बादली टांगून सलाइनच्या नळीने थेंबथेंब पाणी सोडल्यासही पृष्ठभाग हलता राहतो. हवा भरलेल्या ट्यूबमधून बारीक नळीने बुडबुडे सोडण्याची युक्तीही जुनी आहे, मात्र ती काही तासांपुरतीच चालते.

पृष्ठभागावर तेलकट साय धरली असेल तर वायूंची देवाणघेवाण मंदावते. वर्तमानपत्राचा कोरा भाग पाण्यावर अलगद पसरून उचलला की ही साय निघून येते.

पाणी

बीड जिल्ह्यातील बहुतांश भूभाग बेसाल्टचा असून विहिरींचे व विशेषतः कूपनलिकांचे पाणी सहसा कठीण व किंचित अल्कधर्मी असते. गप्पी, मोली, प्लॅटी यांसारख्या पिल्ले देणाऱ्या माशांना असे पाणी मानवते. अडचण अमोनियाची आहे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून बाहेर पडणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो आणि त्यांतील मुक्त रूप अत्यंत विषारी असते. २५ अंश तापमान व ७ सामू असलेल्या पाण्यात एकूण अमोनियाचा अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक भाग मुक्त असतो. सामू ८ झाला की तो ५ टक्क्यांवर जातो, आणि ३० अंश तापमानाला सामू ८.५ असेल तर जवळजवळ एक पंचमांश होतो. म्हणजेच मऊ पाण्यात खपून जाणारा जादा चारा बीडच्या कूपनलिकेच्या पाण्यात मासे मारू शकतो.

निसर्गात अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू असतात. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत वनस्पती भरपूर आणि मासे एक-दोनच असावेत. भरभर वाढणाऱ्या हायड्रिला, सेरॅटोफायलम व व्हॅलिस्नेरिया या वनस्पती अमोनिया थेट शोषतात. पाण्यावर तरंगणारी लेम्ना किंवा पिस्टिया हवेतील कार्बन डायऑक्साइड वापरत असल्याने आणखी वेगाने वाढतात व सावलीही देतात. त्यांनी अर्ध्याहून अधिक पृष्ठभाग झाकू नये, एवढी काळजी घ्यावी. जलपर्णी मात्र टाळावी. ती लहान टाकीत मावत नाही आणि टाकीबाहेर गेल्यास नद्या व तलाव व्यापते.

पाण्याच्या स्रोताची चौकशी हा भाग अनेकदा दुर्लक्षित राहतो. ग्रामपंचायतीच्या नळाच्या व टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर, म्हणजे बोलीतली ‘टीसीएल पावडर’, टाकलेली असते. तिच्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो व उपयुक्त जिवाणू मारतो. असे पाणी रुंद तोंडाच्या घमेल्यात किंवा टोपात निदान २४ तास उघडे ठेवून, मधून मधून ढवळून मगच टाकीत घालावे. घाई असल्यास मत्स्यविक्रेत्यांकडे मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे खडे वापरतात. गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळण्याची घरगुती पद्धत माशांसाठी योग्य नाही. तुरटीने पाण्याची क्षारता घटते आणि ॲल्युमिनियम कल्ल्यांना त्रासदायक ठरते. त्यापेक्षा पाणी रात्रभर स्थिर ठेवून वरचे निवळ तेवढे घेणे बरे. उन्हाळ्यात विहिरीतून ताजे काढलेले पाणी टाकीपेक्षा थंड असते, परंतु भूजलात प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही उंचावरून ओतून मगच वापरावे.

आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलणे हा सर्वसाधारण नियम आहे. ५४ लिटरच्या टाकीसाठी हे ११ लिटर होते. ग्रामीण महाराष्ट्रात टँकरच्या पाण्याचा शासकीय निकष दरडोई दररोज २० लिटर असा राहिला आहे. त्या मापाने टाकीचा आठवड्याचा वाटा एका माणसाच्या अर्ध्या दिवसाच्या पाण्याएवढा ठरतो. टंचाईत हे ओझे नगण्य नाही. मासे कमी, वनस्पती जास्त आणि चारा बेताचा ठेवल्यास दोन-तीन आठवड्यांनी एकदा पाणी बदलूनही टाकी नीट चालते. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असल्याने तुळस, कढीपत्ता किंवा परसातील भाजीला उपयोगी पडते. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई सतत कूपनलिकेच्या पाण्याने केल्यास क्षार मागे साचत जातात. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी, पहिले एक-दोन पाऊस वाहून गेल्यानंतर, साठवून ठेवल्यास या कामी येते.

भांडे, तळ व जागा

तळाशी धुतलेली नदीची वाळू सुमारे तीन सेंटीमीटर जाडीची असावी. मातीचा थर द्यायचा असल्यास तो पातळ, वाळूखाली पूर्ण झाकलेला आणि शेणखत व रासायनिक खत यांपासून मुक्त असावा. मराठवाड्याची काळी माती या कामी गैरसोयीची आहे. तिचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात, आणि तीत मिसळलेले चुनखडीचे खडे पाणी अधिक कठीण करतात.

नवा सिमेंटचा हौद लगेच वापरता येत नाही. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरून सामू १० च्या वर जाऊ शकतो. हौद भरून चार-पाच दिवसांनी रिकामा करणे, असे दोन ते तीन आठवडे केल्यावरच त्यात मासे सोडावेत. कीटकनाशकाचे वा रसायनाचे रिकामे पिंप कितीही धुतले तरी वापरू नयेत.

टाकीला सकाळचे दोन-तीन तास कोवळे ऊन मिळावे व दुपारी पूर्ण सावली असावी. पूर्वेकडील खिडकी किंवा ओसरी ही सोयीची जागा होय. जास्त उजेडाने हिरवे शेवाळ माजते, तर कमी उजेडात वनस्पती कुजतात.

उन्हाळा व हिवाळा

बीडमध्ये मे महिन्यात कमाल तापमान ४० अंशांच्या वर जाते, परंतु हवा कोरडी असते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथे मत्स्यालयाच्या उपयोगी पडते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. ही सारी उष्णता टाकीतून घेतली गेली तर १०० लिटर पाणी जवळपास ६ अंशांनी थंड होईल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भोवतालच्या हवेतून येत असल्याने परिणाम कमी असतो, तरीही टाकीच्या तीन बाजूंना ओले गोणपाट गुंडाळून ते दुपारी भिजते ठेवल्यास फरक जाणवतो. बिनझिलईचा मातीचा रांजण हे काम आपणहून करतो. जमिनीत अर्धा पुरलेला रांजण तर काचेच्या टाकीपेक्षा नेहमीच कमी तापतो, आणि मासे वरून पाहण्याची सवय करून घेतली तर बीडसारख्या हवामानात त्याहून चांगले भांडे नाही. टाकीत एकदम बर्फ टाकणे घातक असते. पाणी दर तासाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने थंड करू नये.

पावसाळ्यात दमट हवेमुळे गोणपाटाचा उपयोग उरत नाही, पण तेव्हा उष्माही उतरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री लहान टाक्या झपाट्याने थंड होतात. घराच्या आतल्या खोलीत, रात्री वर लाकडी फळी व बाजूने गोधडी एवढा बंदोबस्त बहुधा पुरतो. थंडीत मासे मंदावतात व चारा कमी खातात. न खाल्लेला चारा लगेच काढून टाकावा.

माशांची निवड

हवेतून थेट श्वास घेऊ शकणारे मासे विजेविना मत्स्यालयात सर्वांत तग धरतात. फायटर व गुरामी यांना कल्ल्यांखेरीज डोक्यात एक चक्रव्यूहासारखे इंद्रिय असते आणि ते पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. त्यांच्या टाकीवर झाकण असल्यास पाणी व झाकण यांत बोटभर तरी हवा राहिली पाहिजे. महाराष्ट्रातील नद्या-ओढ्यांत आढळणारे मरळ व डोक हेही हवा घेणारे मासे आहेत, परंतु ते शिकारी असल्याने लहान माशांबरोबर ठेवता येत नाहीत. गप्पी, मोली, प्लॅटी व झेब्रा डॅनिओ हे लहान मासे कल्ल्यांवरच अवलंबून असले तरी पृष्ठभागालगतच्या पाण्याचा चांगला वापर करतात.

बाजारात सर्वाधिक खपणारा गोल्डफिश या पद्धतीला सर्वांत अयोग्य आहे. तो मोठा होतो, पुष्कळ घाण करतो, त्याला थंड व प्राणवायूयुक्त पाणी लागते आणि वनस्पती तो उपटून खातो. एंजल, डिस्कस, शार्क या नावाने विकले जाणारे मासे व सकर मासा यांच्या बाबतीतही विजेविना टाकीचा आग्रह धरू नये.

चारा दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढाच घालावा. कणकेचे गोळे, पाव, भात यांनी पाणी नासते. निरोगी प्रौढ मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात, म्हणून गावाला जाताना शेजाऱ्याला चाऱ्याचा डबा देऊन जाण्यापेक्षा काहीच न सांगता जाणे बहुधा माशांच्या हिताचे असते.

गप्पी मासे व डासनियंत्रण

डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारा एडीस इजिप्ती डास घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस पुरतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासावी व ‘कोरडा दिवस’ पाळावा, असे आवाहन आरोग्य विभाग करतो. जेथे नळाला किंवा टँकरला आठ-दहा दिवसांनी पाणी येते तेथे हे आवाहन पाळणे कठीण जाते. हातात असलेले पाणी ओतून देण्यास कोणी धजावत नाही. टंचाई वाढते तशी साठवणुकीची भांडी वाढतात आणि त्यांबरोबर डासांची उत्पत्तिस्थानेही. रिकामा करता न येणाऱ्या मोठ्या हौदात गप्पी मासे सोडणे हा यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील व कॅरिबियनमधील मासा असून विसाव्या शतकाच्या आरंभी तो भारतात आणला गेला. त्याच कामासाठीचा गँबुझिया १९२८ मध्ये इटलीतून आला. गप्पीची मादी अंडी न घालता साधारण महिन्याच्या अंतराने जिवंत पिल्ले देते. प्रजननासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. मात्र आई-बाप पिल्ले खातात, म्हणून पैदासीच्या टाकीत हायड्रिलाचे दाट झुबके ठेवतात. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात गप्पी पैदास केंद्रे केली जातात व तेथून मासे गावोगाव दिले जातात. ही केंद्रे म्हणजे सावलीतल्या साध्या सिमेंटच्या टाक्या असतात. विजेविना मत्स्यालय मोठ्या प्रमाणावर कसे चालते हे पाहण्यास त्याहून जवळचे ठिकाण नाही.

१२० सेंमी. लांब, ९० सेंमी. रुंद व ६० सेंमी. खोल हौदात सुमारे ६५० लिटर पाणी मावते. वर दिलेल्या ठोकताळ्याच्या निम्मे धरूनही त्यात ४५ गप्पी सहज राहतात. हौदाचे पाणी वापरासाठी रोज काढले जाते व नवे भरले जाते, त्यामुळे पाणी बदलण्याचा वेगळा खर्च नाही. टंचाईच्या गावात मासे पाळण्यासाठी वेगळे पाणी लागत नाही, अशी ही एकमेव व्यवस्था म्हणता येईल. तीन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. हौद कधीही पूर्ण उपसू नये, तळाशी वीतभर पाणी राहू द्यावे. नव्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते एकदम न भरता थोडेथोडे भरावे. आणि ज्या हौदात ब्लीचिंग पावडर किंवा अळीनाशक औषध टाकायचे आहे त्यात मासे ठेवू नयेत. दोन्ही उपाय एकाच भांड्यात चालत नाहीत. पिण्याचे पाणी वेगळे, झाकलेल्या भांड्यात ठेवावे.

ऊसतोडणीच्या हंगामात जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात बंद घरातील हौदाचे काय करायचे हा खरा प्रश्न असतो. पाणी तसेच सोडून मासे काढून टाकणे हा सर्वांत वाईट पर्याय होय. मागे राहिलेल्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना किंवा शेजाऱ्यांना अधूनमधून भर घालता येत असेल तर सावलीतल्या हौदातील गप्पी शेवाळ, अळ्या व किडे खाऊन राहू शकतात. तसे शक्य नसेल तर मासे दुसऱ्या हौदात हलवून हौद रिकामा करावा व भिंती ब्रशने घासाव्यात. एडीसची भिंतीला चिकटलेली अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने टिकतात आणि पाणी भरताच फुटतात. मे महिन्यात उघड्या हौदाची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला सुमारे एक सेंटीमीटर उतरते, म्हणजे वर वर्णिलेल्या हौदातून रोज जवळपास ११ लिटर पाणी उडते. अर्धा भाग पत्र्याने किंवा फळीने झाकल्यास ही घट कमी होते.

सौरऊर्जा व बॅटरी

लहान सौर पॅनेलवर चालणारे हवापंप बाजारात मिळतात. बॅटरी नसलेला असा पंप दिवसा चालतो आणि रात्री थांबतो. वनस्पती असलेल्या टाकीत गरज नेमकी याच्या उलट असते. त्यामुळे पॅनेल घ्यायचे तर साठवणीच्या बॅटरीसह घ्यावे आणि पंप मध्यरात्र ते सूर्योदय या वेळेत चालवावा. सेलवर चालणारा हवापंप मासे वाहून नेताना व अडचणीच्या रात्री उपयोगी पडतो. या साधनांच्या भरवशावर माशांची संख्या मात्र वाढवू नये.

परिसंस्थेवरील परिणाम

गप्पी व गँबुझिया हे परके मासे आहेत. नदी, ओढा किंवा पाझर तलावात गेल्यास ते स्थानिक लहान माशांची अंडी व पिल्ले खातात आणि त्यांच्या अन्नात वाटेकरी होतात. आरोग्य कार्यक्रमातही त्यांचा वापर बंदिस्त पाणीसाठ्यांपुरता असणे योग्य मानले जाते. घरगुती टाकीतून बाहेर गेलेला सकर मासा उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात सापडू लागला, हे या धोक्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. हौसेपोटी पाळलेले व नकोसे झालेले मासे बिंदुसरा, मांजरा किंवा माजलगावच्या जलाशयात सोडू नयेत. ते दुसऱ्या पालकाला अथवा विक्रेत्याला द्यावेत. टाकी साफ करताना निघालेल्या पाणवनस्पती उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात टाकाव्यात.